चोरी करताना पकडलेल्या कामगारालाही चौकशीचा हक्क द्यायलाच हवा का?

लेथवाला (भोसरी)

भोसरी एमआयडीसीत माझं सीएनसी मशिनिंगचं युनिट आहे, ३४ माणसं. मागच्या आठवड्यात दुसरी पाळी सुटताना गेटवर एका ऑपरेटरच्या डब्यात आमचेच पितळी बुश (मशीनमध्ये बसवायच्या नळीसारख्या कड्या) सापडले. सात वर्षं माझ्याकडे असलेला माणूस. सुपरवायझर समोर होता, वॉचमन समोर होता. मी त्याला उद्यापासून येऊ नकोस म्हणणार होतो, तर आमचे सल्लागार म्हणतात, आधी आरोपपत्र द्या, खुलासा मागवा, चौकशी अधिकारी नेमा, साक्षी नोंदवा, मग निर्णय घ्या.

माझं मत असं आहे की ५० पेक्षा कमी माणसं असलेल्या कारखान्यांना यातून सूट हवी. एक महिन्याचा पगार हातात ठेवायचा आणि माणूस मोकळा करायचा. मोठ्या कंपनीत एचआर असतं, लीगल असतं. इथे कोटेशन मीच काढतो, जीएसटी मीच भरतो आणि स्पिंडल बसला की मेकॅनिकच्या मागे मीच धावतो. चौकशीच्या तारखा कधी चालवू? बाकीची ३३ माणसं रोज बघताहेत की डबा उघडा पडूनही मालक काही करत नाही.

भारत फोर्जचा खटला बघा. २६ ऑगस्ट १९८३ ला सकाळी ११.४० वाजता एक मदतनीस कामाच्या जागी झोपलेला सापडला. आधी तीन वेळा गैरवर्तनाबद्दल किरकोळ शिक्षा झालेल्या. कंपनीनं बडतर्फ केलं, आणि ती बडतर्फी योग्य होती हे सुप्रीम कोर्टानं सांगितलं जानेवारी २००५ मध्ये. एकवीस वर्षं! ती कंपनी टिकली. माझं युनिट टिकेल का?

नाशिकचा वकील

लेथवाला, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करताय. काम कमी झालं म्हणून माणूस कमी करणं ही कपात. तुमच्या आकाराच्या कारखान्याला त्यासाठी सरकारची परवानगी कधीच लागत नव्हती. ती अट १०० कामगारांपासून पुढे होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ती ३०० वर गेली आहे. एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, वर प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार. सात वर्षांचे १०५ दिवस, म्हणजे साडेतीन महिन्यांचा पगार. नव्या संहितेत मालकानं पुनर्कौशल्य निधीत (कमी केलेल्या कामगाराला नवं काम शिकता यावं म्हणून) आणखी १५ दिवसांचा पगार भरायचा आहे. आणि कपात करताना त्या प्रकारच्या कामावर शेवटी आलेला माणूस सहसा आधी जातो.

तुमच्या माणसाचं काम संपलेलं नाही, तुमचा विश्वास संपलाय. तिथे कपातीचा कागद करून दिलात तर कोर्ट विचारतं, खरं कारण काय? कारण चोरी असेल तर चोरी सिद्ध करा. कागदावर काय लिहिलंय याच्या मागे जाऊन बघण्याचा अधिकार कोर्टाला आहे आणि ते बघतातच.

भारत फोर्जचं उदाहरण तर तुमच्या विरोधात जातं. लेबर कोर्टानं त्या माणसाला परत घ्यायला सांगितलं ते शिक्षा जास्त वाटली म्हणून. चौकशी रीतसर झाली होती हे त्या कोर्टानंही मान्य केलं होतं. त्या चौकशीच्या जोरावरच कंपनी शेवटी जिंकली.

वाळूज एचआर

मी वीस-एक वर्षं याच कामात आहे आणि लेथवाल्यांची तक्रार मला पटते, पण वेगळ्या कारणानं. बहुतेक चौकश्या निव्वळ उपचार असतात. चौकशी अधिकारी कंपनीनं नेमलेला, त्याची फी कंपनी देणार, अहवालाचा शेवट सगळ्यांना पहिल्याच बैठकीला माहीत असतो. कामगाराला न्याय मिळाल्यासारखं वाटत नाही, मालकाचे महिने जातात. यातून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही.

गोम भरतीत असते. नेमणूकपत्र नाही, प्रोबेशन संपलं तरी कायम केल्याचं किंवा मुदत वाढवल्याचं पत्र नाही, कामाचं स्वरूप कुठे लिहिलेलं नाही. प्रोबेशनमधल्या माणसाचं काम पसंत नसेल तर साध्या पत्रानं त्याला थांबवता येतं, फक्त पत्रात त्याच्या नावाला डाग लागेल असा शब्द नको. ते सहा महिने आपण झोपेत घालवतो आणि सातव्या वर्षी कायद्याला शिव्या देतो. नव्या कामगार संहितांनी नेमणूकपत्र सक्तीचं केलंय, ते फार आधी व्हायला हवं होतं.

दुसरी पाळी (निवृत्त, ठाणे)

एचआर साहेब, चौकशी उपचार वाटते कारण तुम्ही टेबलाच्या त्या बाजूला बसता. मी युनियनचा प्रतिनिधी म्हणून कित्येक चौकश्यांना कामगाराच्या शेजारी बसलोय. एका पोरावर कॉपर वायर चोरल्याचा आरोप होता. उलटतपासणीत मी स्टोअरकीपरला स्टॉक रजिस्टर आणायला लावलं, तर त्या महिन्यात वायरची तूटच नव्हती. वायर भंगारातली होती आणि फोरमननंच ती न्यायला सांगितलं होतं. फोरमनला ते चौकशीत कबूल करावं लागलं. पोरगं नोकरीवर राहिलं. चौकशी नसती तर तो आयुष्यभर चोर म्हणून फिरला असता. ठाण्या-बेलापूर पट्ट्यात एका गेटवरची बातमी दुसऱ्या गेटवर पोचायला वेळ लागत नाही.

तुमच्याकडे बुश डब्यात सापडले हे खरं. डब्यात ते कुणी ठेवले, रिजेक्शनचे होते की चांगले, आधी कुणी नेताना कुणी अडवलं होतं का, हे तुम्ही त्याला विचारलंत का? सात वर्षं राबलेल्या माणसाचं एकदा ऐकून घ्यायला किती तास लागतात?

लेथवाला (भोसरी)

विचारलं. म्हणाला, रिजेक्शनचे होते, सगळेच नेतात. म्हणजे कबुलीच झाली ना? आणि सगळेच नेत असतील तर मला जास्त कडक व्हायला हवं.

नाशिकचा वकील

‘सगळेच नेतात’ ही कबुली पण आहे आणि बचाव पण. म्हणूनच ती कागदावर, त्याच्या सहीनं यायला हवी. तोंडी कबुली उद्या नाकारली जाते.

आरोपपत्र कसं लिहायचं ते सांगतो, कारण निम्मे खटले तिथेच हरतात. ‘तुम्ही कंपनीच्या मालाची चोरी केलीत, तुमचं वर्तन असमाधानकारक आहे’ हे आरोपपत्र नव्हे. तारीख, पाळी, गेटवरची वेळ, नग किती, कोणत्या मापाचे, डबा कुणासमोर उघडला, हे एकेक वाक्यात लिहा. त्याला समजेल त्या भाषेत लिहा. आधीचा गैरवर्तनाचा इतिहास शिक्षा ठरवताना वापरणार असाल तर तोही आत्ताच लिहा. खुलाशाला पुरेसा वेळ द्या. चौकशी अधिकारी म्हणून सुपरवायझर नको, तो तुमचा साक्षीदार आहे. तुम्हीही नको, कारण शिक्षा तुम्ही ठरवणार. कामगाराला कागद बघू द्या, साक्षीदाराला प्रश्न विचारू द्या, प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घ्या. एकाच प्रसंगाची चौकशी दोन-तीन बैठकांत संपते. वर्ष लावतात ते तारखा पाडणारे.

आता तुमचा प्रश्न: त्याला घरी बसवलंय का? नेमणूकपत्रात निलंबनाचं कलम आहे का? महाराष्ट्रात स्थायी आदेश, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या शर्तींचे नियम, ५० कामगारांपासून लागू व्हायचे, नव्या संहितेत ३०० पासून. नव्या संहितेत निलंबनात पहिले ९० दिवस निम्मा पगार, उशीर कामगारामुळे नसेल तर पुढे ७५ टक्के. तुम्हाला ते लागू नाहीत. नेमणूकपत्रातही तसा अधिकार नसेल तर घरी बसवलेल्या काळाचा पूर्ण पगार द्यावा लागतो. छोट्या मालकांना हे कुणी सांगत नाही.

हिंजवडी बेंच

इथे सगळे आरोपपत्राबद्दल बोलताय. आमच्याकडे आयटीत आरोपच नसतो. दुपारी मीटिंगचं निमंत्रण येतं, खोलीत एचआरचे दोघं, समोर टाइप केलेला राजीनामा. सही केलीस तर दोन महिन्यांचा पगार आणि चांगलं रिलीव्हिंग लेटर, नाही केलीस तर टर्मिनेशन. लॅपटॉप तिथेच काढून घेतात. माझ्याबाबतीत हेच झालं. अकरा वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला घरी फोन करायलाही वेळ दिला नाही. लेथवाल्यांच्या ऑपरेटरला निदान विचारायला कुणीतरी आहे.

वाळूज एचआर

दबावाखाली घेतलेला राजीनामा हा राजीनामाच नव्हे, पण दबाव होता हे तुम्हाला दाखवावं लागतं. त्याच दिवशी घरच्या ईमेलवरून लिहायचं की सही कोणत्या परिस्थितीत घेतली आणि मी राजीनामा मागे घेतोय. महिन्याभरानं लिहिलेल्या ईमेलचं वजन कमी होतं. हिशेबाचं म्हणाल तर नव्या वेतन संहितेत फुल अँड फायनल दोन कामाच्या दिवसांत द्यायचंय, राजीनामा असो की बडतर्फी.

नाशिकचा वकील

हिंजवडी, तुमचा प्रश्न खरा अवघड आहे. कायद्याचं संरक्षण ‘कामगार’ व्याख्येत बसणाऱ्यालाच मिळतं. हुद्दा काय लिहिलाय यानं ते ठरत नाही, रोज प्रत्यक्ष काय करता यानं ठरतं. कोड लिहिणारा, ज्याच्या हाताखाली कुणी नाही, कुणाची रजा मंजूर करत नाही, तो तांत्रिक काम करणारा कामगार आहे असं म्हणायला जागा आहे. मॅनेजर असाल तर दिवाणी कोर्ट, आणि तिथे सहसा नोटीसच्या काळाचा पगार एवढीच भरपाई.

चाकण ट्रेनी

आम्हाला सात महिन्यांनी ब्रेक देतात, २४० दिवस भरू नयेत म्हणून. २४० भरले की आपोआप कायम होतो ना?

दुसरी पाळी (निवृत्त, ठाणे)

आपोआप काहीच होत नाही पोरा. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात २४० दिवसांनी कपातीची नोटीस आणि भरपाई मिळण्याचा हक्क यायचा. कायम करण्याची गोष्ट महाराष्ट्रातल्या नमुना स्थायी आदेशांत होती, तीही ते लागू असतील तिथेच. हजेरीचे फोटो, पगाराच्या स्लिपा, पीएफचं पासबुक जपून ठेव. वर्षानुवर्षं ब्रेक देऊन तात्पुरतं ठेवणं ही आपल्याकडे १९७१ च्या कायद्यानं अनुचित प्रथा ठरवलेली आहे, पण त्या कायद्याखाली तक्रार ९० दिवसांत करायची असते. थांबू नकोस.

लेथवाला (भोसरी)

सगळं वाचलं. आरोपपत्र देतोय, आजच मसुदा करायला घेतला. पण माझं मत बदललेलं नाही. मी चौकशी नीट केली तरी तो कोर्टात जाऊ शकतो, आणि चोरी सिद्ध झाल्यावरही कोर्ट म्हणू शकतं की शिक्षा जास्त आहे, परत घ्या. वर मागचा पगार. मग माझ्या चौकशीला किंमत काय?

नाशिकचा वकील

मागचा पगार ही धमकी खरी आहे. क्रांती ज्युनिअर अध्यापक महाविद्यालयातल्या शिक्षिकेच्या खटल्यात २०१३ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की बडतर्फी बेकायदा ठरली तर मागच्या पगारासह परत घेणं हा सर्वसाधारण नियम. पण तिथेही सेवेचा काळ, गैरवर्तनाचं स्वरूप, मालकाची आर्थिक स्थिती बघायला सांगितलंय. चोरी सिद्ध असेल तर कोर्ट शिक्षेत सहसा हात घालत नाही, रक्कम किती हे तिथे दुय्यम असतं. चौकशी सदोष ठरली तरी कोर्टात नव्यानं पुरावा देण्याची संधी मिळते, मात्र ती कोर्टात द्यायच्या तुमच्या पहिल्या लेखी उत्तरातच (कैफियतीत) मागून ठेवावी लागते. आणि बडतर्फीविरुद्ध दाद मागायची मुदत नव्या औद्योगिक संबंध संहितेत तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आहे.

दुसरी पाळी (निवृत्त, ठाणे)

शिक्षा म्हणजे बडतर्फीच असं ठरवून चौकशीला बसू नका एवढंच सांगणं. वेतनवाढ रोखता येते, काही दिवस बिनपगारी निलंबन देता येतं. सात वर्षांत त्याच्यावर दुसरा कागद नसेल तर तो विचार करा.

लेथवाला (भोसरी)

बिनपगारी निलंबन देऊन परत मशीनवर घेतला तर बाकीच्यांना काय सांगू? ते मला जमणार नाही. एक विचारायचं राहिलं, तो चौकशीला शेजारच्या कंपनीतला ओळखीचा माणूस सोबत आणतो म्हणतोय. चालेल?

नाशिकचा वकील

बाहेरच्याला येऊ देणं तुमच्यावर बंधनकारक नाही, तुमच्याच कारखान्यातला सहकारी आणू द्या. पण चौकशी अधिकारी म्हणून तुम्ही बाहेरचा वकील बसवणार असाल किंवा कंपनीची बाजू मांडायला वकील आणणार असाल, तर त्याला जाणकार माणूस नाकारू नका. त्या मुद्द्यावर चौकशी रद्द होऊ शकते.