मदत हवी आहे: जादू, वैर आणि शापांच्या कादंबऱ्या

नमस्कार मंडळी, माझ्या १४ वर्षांच्या भाचीसाठी पुस्तकं सुचवाल का? हॅरी पॉटरचे सातही भाग तिने दोनदा वाचलेत. परवा तिला कच-देवयानीची गोष्ट सांगितली. संजीवनी विद्येसाठी शत्रूच्या गोटात शिरलेला कच, तीनदा मारला जाऊन पुन्हा जिवंत झालेला. शेवटी ती विद्या त्याला फळणार नाही हा देवयानीचा शाप, आणि त्याचा तिला उलट शाप! ऐकताना पोरगी जागची हलली नाही.

खांडेकरांची ‘ययाति’ तिला अजून जड जाईल असं वाटतं. जादू, चुरस, शाप असलेली किशोरांसाठीची मराठी कादंबरी कुणी वाचली आहे का? अनुवादितही चालेल. परीकथा मात्र नकोत. शापाची किंमत पात्रांना खरोखर मोजावी लागते, अशी हवी. पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस आहे.