मदत हवी आहे: अमेरिकेतला 'प्रायमरी केअर डॉक्टर' म्हणजे नक्की कोण, आणि तो शोधायचा कसा?

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं पाच महिन्यांपूर्वी सांगलीहून न्यू जर्सीला आलो. सांगलीत आमचे डॉक्टरकाका गल्लीच्या तोंडाशीच. "आईचे गुडघे काय म्हणतायत?" हे विचारून झाल्याशिवाय स्टेथोस्कोप कानाला लावायचे नाहीत. त्यामुळे डॉक्टर शोधणं हा प्रकार आम्ही कधी केलेलाच नाही.

गेल्या आठवड्यात गाडीभोवतीचा बर्फ उपसताना नवऱ्याच्या कंबरेत उसण भरली. हाडांच्या डॉक्टरांकडे फोन केला तर, "रेफरल? पीसीपीकडून आणा." रेफरल म्हणजे तिकडे पाठवल्याची चिठ्ठी आणि पीसीपी म्हणजे प्रायमरी केअर वगैरे, एवढं कळलं. विम्याचं कार्ड उलटसुलट करून पाहिलं, तर त्यावर खरोखरच एका डॉक्टरांचं नाव छापलेलं! आम्ही निवडलेलं नाही, विमा कंपनीने परस्पर टाकलेलं. तिथे फोन लावला, तर ते डॉक्टर केव्हाच निवृत्त झालेत म्हणे. उसण शेकून आणि बाम चोळून गेली, पण खरी अडचण माझी आहे. मला थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी रोज लागते. भारतातून आणलेल्यांपैकी चाळीसेक उरल्यात.

त्यासाठी एंडोक्रायनॉलॉजिस्टच (हार्मोन्सचा स्पेशालिस्ट) गाठावा लागेल, की हा पीसीपी देईल? विमा कंपनीच्या यादीत फॅमिली मेडिसिन, इंटर्नल मेडिसिन, एमडी, डीओ, एनपी असं काय काय दिसतं. डीओ म्हणजे होमिओपॅथी का? आणि मराठी नाही तर निदान हिंदी बोलणारा हवा, हा हट्ट धरावा का?

प्रतिसाद: आधी प्लॅन कुठला ते बघा

कार्डावर डॉक्टरचं नाव आहे आणि रेफरल मागतात, म्हणजे तुमचा प्लॅन बहुधा एचएमओ. त्यात पीसीपी हा वाड्याचा दिंडी दरवाजा. आत कुठल्याही खोलीत जायचं तर तिथूनच वाकून जायचं. पीपीओ असता तर थेट स्पेशालिस्टकडे जाता आलं असतं, पण हप्ता जास्त. पीसीपी बदलणं सोपं आहे, विम्याच्या वेबसाइटवर किंवा फोनवर होतं. मात्र बदल बरेचदा पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून लागू होतो, म्हणून आजच करा.

थायरॉइडसाठी स्पेशालिस्ट कशाला? टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) बघून गोळीचा डोस कमीजास्त करणं हे पीसीपीचं रोजचं काम. गाठ वगैरे काही निघालं तर तोच पुढे पाठवेल. बाळाचा विचार असेल तर मात्र पहिल्याच भेटीत सांगा, डोस बदलावा लागतो.

आता पदव्या. फॅमिली मेडिसिनवाला तान्ह्या बाळापासून आजीपर्यंत सगळ्यांना बघतो. इंटर्नल मेडिसिनवाला फक्त मोठ्यांना. त्याला इंटर्निस्ट म्हणतात, म्हणजे इंटर्न नव्हे! (मी पहिल्या वर्षी तसं समजून दोन चांगले डॉक्टर यादीतून काढून टाकले होते.) आपल्याकडे एमडी म्हणजे एमबीबीएसच्या पुढची पदवी, इथे ती मूळ पदवीच. त्यानंतर फॅमिली आणि इंटर्नल, दोघांचीही तीन वर्षांची रेसिडेन्सी (हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण) असते. डीओचा होमिओपॅथीशी काही संबंध नाही. ऑस्टिओपॅथिक कॉलेजातून शिकलेला, पण परवाना आणि औषधं लिहिण्याचा अधिकार एमडीइतकाच. एनपी म्हणजे पुढचं शिक्षण घेतलेल्या नर्स. तुमची गोळी त्याही लिहून देऊ शकतात, आणि त्यांची वेळ बरेचदा लवकर मिळते.

प्रतिसाद: फोनवर काय विचारायचं

मी एका क्लिनिकच्या फ्रंट डेस्कवर नऊ वर्षं आहे. विम्याच्या यादीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, ती शिळी असते. फोन करून पहिलं वाक्य, "नवीन पेशंट घेताय का?" दुसरं, कार्डावरचं प्लॅनचं अख्खं नाव वाचून दाखवा आणि तोच प्लॅन घेता का विचारा. नुसतं कंपनीचं नाव सांगाल तर पलीकडचा "हो हो" म्हणेल आणि बिल तुमच्या गळ्यात पडेल. एकाच कंपनीचे ढीगभर प्लॅन असतात.

नव्या पेशंटला तारीख कित्येक आठवड्यांनी मिळते, म्हणून कॅन्सलेशन लिस्टवर नाव घालायला सांगा. आम्ही खरंच फोन करतो. चाळीस गोळ्या आहेत हेही सांगा. तरी तारीख लांबलीच, तर संपायच्या आधी अर्जंट केअरमध्ये (तारीख न घेता जाता येतं तो दवाखाना) बाटली दाखवून विचारून बघा. थोड्या दिवसांचं प्रिस्क्रिप्शन कधीकधी देतात.

जाताना बाटली, जुने रिपोर्ट आणि लसींची नोंद न्या. आपले ब्रँड इथे कोणाला माहीत नसतात, 'लेव्होथायरॉक्सिन' हे मूळ नाव सांगा. डोलोपार, क्रोसिन म्हणाल तर कोरा चेहरा. पॅरासिटामॉललाही इथे अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात.

प्रतिसाद: फुकट तपासणीची गंमत

वर्षातून एकदा प्रतिबंधक तपासणी नेटवर्कमधल्या (विम्याच्या यादीतल्या) डॉक्टरकडे फुकट असते. २०१० च्या अफोर्डेबल केअर अ‍ॅक्टने बहुतेक विम्यांना तसं बंधन घातलंय. मी खुशीत गेलो आणि निघता निघता "बरं डॉक्टर, हा खांदा जरा दुखतो" म्हणालो. तीन आठवड्यांनी वेगळ्या व्हिजिटचं बिल घरी. नियमात बसतं म्हणे. दुखणं असेल तर बोलायचंच, पण आधी विचारा की हे वेगळं धरणार का.

प्रतिसाद: आम्ही पीसीपी केलाच नाही

आठ वर्षं झाली, अर्जंट केअरवर भागतंय. कशाला ही कटकट?

प्रतिसाद: भागतंय तोवर भागतंय

(पुन्हा फ्रंट डेस्कवाली.) अर्जंट केअरमध्ये दर वेळी नवा चेहरा. तुमची साखर तीन वर्षांत ९५ वरून ११० वर चढली, हे कोणाच्या लक्षात येणार? आपल्या लोकांना तर ते हवंच. अमेरिकन डायबेटिस असोसिएशन आशियाई वंशाच्यांची तपासणी वजन-उंचीच्या बीएमआय २३ पासूनच सुचवते, इतरांसाठी तो आकडा २५ आहे. देशी डॉक्टरच हवा असं नाही, पण हे ज्याला सांगावं लागत नाही तो बरा. भाषेचं म्हणाल तर सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यांना दुभाषा फुकट द्यावा लागतो, मराठीचासुद्धा. फोनवरून जोडतात. तारीख घेतानाच सांगून ठेवा.

धागाकर्ती: अपडेट

सगळ्यांचे खूप आभार! काल सकाळी फोन घेऊन बसले. यादीतल्या सहा ठिकाणांपैकी दोन नंबर बंद, तिघांकडे नवीन पेशंट घेत नाहीत. सहाव्या ठिकाणी फॅमिली मेडिसिनच्या एक डीओ बाई मिळाल्या, तारीख २६ दिवसांनी. प्लॅनचं अख्खं नाव वाचून दाखवलं, तेव्हा पलीकडून कीबोर्डचा आवाज आला आणि मग "येस". विमा कंपनीत नावही बदलून घेतलं. गोळ्या पुरतील.

आता नऊ पानी फॉर्म भरतोय. 'कुटुंबात कोणाला मधुमेह?' या रकान्यावर नवरा अडलाय. आईवडिलांना नाही, पण दोन्ही आत्यांना आहे. आत्या धरायच्या का?

प्रतिसाद: Re: अपडेट

धरायच्या. त्यांना कितव्या वर्षी झाला तेही विचारून घ्या.