शब्दचर्चा : रब्बीला पुरोहित म्हणायचं का? आणि मग नासी, काजी, मुकादम कोण?

प्रश्न

ज्यू समाजाच्या इतिहासावरचा एक लेख मराठीत करतेय आणि शब्दांवर अडलेय. रब्बी, कोहेन, नासी, रेश गालुता असे शब्द सारखे येतात, आधीच्या मसुद्यात कोणीतरी सगळ्यांना सरसकट 'धर्मगुरू' करून टाकलंय आणि एका ठिकाणी तर रब्बीला चक्क 'पुरोहित'. वाचताना खटकतं, पण बरोबर काय ते मला सुचत नाहीये. शिवाय नुसतं 'रब्बी' लिहिलं की आपल्याकडे ज्वारी-हरभराच आठवतो, त्याचं काय करू?

उत्तर

ताई, पिकाचं आधी सांगतो. रब्बी हंगामातला शब्द अरबी आहे, 'रबी' म्हणजे वसंत, ते पीक वसंतात हाती येतं म्हणून. ज्यूंचा रब्बी हिब्रूतला, 'रब' म्हणजे थोर, स्वामी आणि त्याला 'माझा' असा प्रत्यय लागून रब्बी, म्हणजे 'माझे स्वामी', आपण 'गुरुजी' म्हणतो अगदी तसंच. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, संदर्भ असला की वाचकाचा गोंधळ होत नाही, तसंच ठेवा.

पुरोहित मात्र काढाच. पुरोहिताच्या जवळ जाणारा शब्द कोहेन, मराठी बायबलात त्याला 'याजक' म्हणतात आणि तो शब्द चांगला आहे. कोहेन जन्माने होतो, अहरोनच्या वंशातला, बापाकडून मुलाकडे, आणि त्याचं काम मंदिरातलं, यज्ञाचं. इ.स. 70 मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं आणि ते कामच संपलं, घराणी राहिली, आशीर्वाद द्यायचा मान राहिला, पण यज्ञ गेला. रब्बी ही पदवी रूढ झाली ती त्याच सुमाराला. रब्बी जन्माने होत नाही, शिकून होतो, चांभाराचा मुलगाही होऊ शकतो. आणि त्याचं मुख्य काम पूजा सांगणं नाहीच, शास्त्र बघून निवाडा देणं हे आहे, हे खाणं चालेल का, हा घटस्फोट झाला का, हा करार धरायचा का. पेशवाईतले रामशास्त्री प्रभुणे आठवा, देवळातले पुजारी नव्हेत, शास्त्राच्या जोरावर निवाडा देणारे. म्हणून अर्थाने 'शास्त्री' सगळ्यात जवळचा वाटतो, पण अडचण अशी की मराठी बायबलात 'शास्त्री' हा शब्द आधीच दुसऱ्यांसाठी वापरलाय, तेव्हा रब्बी हाच शब्द ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात खुलासा करा.

आणखी एक उत्तर

वरच्या उत्तराशी सहमत, पण 'धर्मगुरू' का नको याचं माझ्या मते खरं कारण वेगळं आहे. धर्मगुरू म्हटलं की आपण धरून चालतो की धर्माचा एक प्रमुख असतो आणि राज्याचा दुसरा, विषय संपला. ज्यू परंपरेत मुकुटच तीन मानलेत, तोरेचा म्हणजे शास्त्राचा, याजकपणाचा आणि राज्याचा (चौथा चांगल्या नावाचा, तो या तिघांच्याही वर, असं मिश्नात, म्हणजे ज्यूंच्या जुन्या नियमसंग्रहात, आहे). आणि खरी भांडणं झाली ती कोणी दोन मुकुट एकाच डोक्यावर घातले तेव्हा.

हस्मोनी घराण्याचं बघा. इ.स.पू. 167 च्या सुमारास ग्रीक राजवटीविरुद्ध उठाव केला तो यांनीच, मूळचे याजक, पुढे त्यांच्यातला योनाथान मुख्य याजक झाला, शिमोन मुख्य याजक, सेनापती आणि लोकांचा पुढारी असं तिन्ही झाला, आणि नंतरच्या पिढ्यांनी राजा ही पदवीही घेतली. तालमुदात, म्हणजे मिश्नावरच्या चर्चेच्या मोठ्या ग्रंथात, गोष्ट आहे की याच घराण्यातल्या यन्नाय राजाला एका वृद्धाने भर मेजवानीत सांगितलं, राज्याचा मुकुट तुला पुरे, याजकपणाचा मुकुट अहरोनच्या वंशाला सोड. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते कारण यन्नाय कोणी परका नव्हता, आपलाच, जिंकलेला राजा, आणि तरी त्याला तोंडावर हे सांगणारं कोणीतरी होतं. त्याच्यामागे त्याची बायको शलोमत्सियोन राणी झाली, तिला याजक होता येईना म्हणून मुख्य याजकपद मुलाकडे गेलं, म्हणजे दोन मुकुट आपोआपच वेगळे झाले. तर हे सगळे जण 'धर्मगुरू' केले तर तुमच्या लेखात हे भांडण दिसणारच नाही, वाचकाला वाटेल दोन धर्मगुरू उगाच का भांडतायत.

प्रश्न विचारणारी

हे फारच उपयोगी आहे, धन्यवाद दोघांनाही. मग नासी? आजच्या इस्रायलच्या राष्ट्रपतींनाही नासीच म्हणतात ना, मग जुन्या काळच्या नासीला 'राष्ट्रपती' लिहू का?

उत्तर

नको नको, काळाप्रमाणे बदला. धातूचा अर्थ उचलणे, म्हणजे लोकांनी वर उचललेला माणूस. तोरेत नासी म्हणजे वंशाचा सरदार. रोमनांविरुद्ध 132 ते 135 मध्ये बंड करणाऱ्या बार कोखबाच्या नाण्यांवर 'शिमोन, इस्राएलचा नासी' असं आहे, तिथे तो सरळ लढणारा राज्यकर्ता. आणि त्यानंतर साठ-सत्तर वर्षांनी येहूदा हा-नासी, ज्याने इ.स. 200 च्या आसपास मिश्ना संकलित केली, तो विद्वान आणि रोमन सरकारपुढे समाजाचा प्रमुखही. मिश्नात नाव न घेता नुसतं 'रब्बी' म्हटलं की तो हाच. इथे 'अध्यक्ष' किंवा 'प्रमुख' चालेल, राष्ट्रपती फक्त आजच्यासाठी.

रेश गालुता हा शब्द अरामी, 'निर्वासितांचा प्रमुख'. बाबिलोनियातल्या ज्यूंचा पुढारी, दावीद राजाच्या वंशातला म्हणून मान, आणि बगदादच्या खलिफाची मान्यता. त्याच्या समोर सुरा आणि पुम्बेदिता या दोन विद्यापीठांचे प्रमुख, त्यांना गाओन म्हणत. 928 मध्ये रेश गालुता दावीद बेन झक्कायने सादिया नावाच्या इजिप्तहून आलेल्या विद्वानाला सुराचा गाओन नेमलं, आणि पुढे काही वर्षांत वारसाहक्काच्या एका निकालपत्रावर सही करायला सादियाने नकार दिला. पुम्बेदिताच्या गाओनने सही केली होती, याने नाही केली. ज्याने नेमलं त्यालाच नाही म्हणाला! मग दोघांनी एकमेकांना वाळीत टाकलं, रेश गालुताने दुसरा गाओन बसवला, सादियाने दुसरा रेश गालुता, वर्षानुवर्षं चाललं आणि शेवटी समेट झाला. इथे 'वाळीत टाकणे' हाच शब्द वापरा, हिब्रूत 'हेरेम', आपल्या गावकीला तो बरोबर कळतो.

अजून एक प्रतिसाद

उशिरा लिहितेय पण राहवलं नाही. माझं आजोळ अलिबागजवळ, इस्राएल आळीत आजीच्या मैत्रिणी होत्या, त्यामुळे हे शब्द परके वाटतच नाहीत. कोकणातल्या बेने इस्राएलांकडे, म्हणजे इथल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंकडे, शेकडो वर्षं रब्बी नव्हतेच, आणि त्यांनी समाज चालवायला जे शब्द वापरले ते सगळे तुम्हाला मराठीत आयते मिळतील. समाजाचा प्रमुख मुकादम, त्याच्या जोडीला चौगुले, पैसे सांभाळणारा गबाई, प्रार्थना म्हणणारा हजान, सिनेगॉगची म्हणजे प्रार्थनागृहाची व्यवस्था बघणारा समाश, आणि लग्नं लावणारा, तंटे सोडवणारा काजी. काजीपण घराण्यात चालायचं, झिराडकर, राजपूरकर, शापूरकर ही काजींची घराणी म्हणून परंपरेत सांगतात. सिनेगॉगला मशीद म्हणायचे, मुंबईत मांडवीला सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी 1796 मध्ये बांधलेलं ते 'जुनी मशीद'.

आता मुकादम आणि चौगुला बघा, जुन्या कागदांत पाटलाला मोकदम म्हणतात आणि चौगुला त्याचा मदतनीस. म्हणजे गावगाड्यातलाच साचा उचलून समाजाला लावला, असं मला वाटतं. आज मुकादम म्हटलं की ऊसतोडीचा मुकादम आठवतो, पण शब्दाचा मान मोठा होता.

उत्तर

वा, मुकादमावरून सांगायलाच हवं, हा शब्द फक्त कोकणातल्या ज्यूंचा नाही! अरबी 'मुकद्दम' म्हणजे पुढे केलेला, आणि मध्ययुगीन इजिप्तमध्ये गावोगावच्या ज्यू समाजाच्या प्रमुखाला हेच म्हणत, कैरोच्या गेनिझात, म्हणजे सिनेगॉगमधल्या जुन्या कागदांच्या कोठीत, सापडलेल्या कागदांत तो सारखा भेटतो, स्पेनमधल्या ज्यूंमध्येही हा शब्द होता. कैरो आणि अलिबाग दोन्हीकडे तोच शब्द, कोणी कोणाकडून न घेता, आजूबाजूच्या राज्यकारभारातून आलेला. काजीही तसाच, अरबीत न्यायाधीश. म्हणून ताई, इजिप्तच्या भागात 'मुकद्दम'साठी मराठी शब्द शोधत बसू नका, मुकादम लिहा.

आणि लेख आजच्या काळापर्यंत येत असेल तर बेने इस्राएलांचं 1964 घ्याच. इस्रायलला गेल्यावर तिथल्या मुख्य रब्बिनेटने, म्हणजे रब्बींच्या अधिकृत संस्थेने, 1962 मध्ये नियम काढला की यांची लग्नं लावण्याआधी पूर्वजांची चौकशी करा, कारण कोकणात रब्बी नसताना जुने विवाह-घटस्फोट शास्त्राप्रमाणे झाले असतील का ही शंका. ज्यांनी शब्बाथ पाळून शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवून 'शनवार तेली' हे नाव मिळवलं त्यांना हे ऐकावं लागलं, मला आजही वाईट वाटतं. त्यांनी जेरुसलेमला आंदोलन केलं, ऑगस्ट 1964 मध्ये संसदेने बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यूच आहेत असा ठराव केला, आणि मग रब्बिनेटने नियमातून त्यांचं नाव काढलं. इथे 'धर्मगुरूंनी माघार घेतली' असं लिहू नका, नियम राहिला, नाव गेलं. 'मुख्य रब्बिनेट' आणि 'संसद' असे दोन शब्द वेगळे ठेवा.

प्रश्न विचारणारी

ठेवते. आणि 'शनवार तेली' मसुद्यात 'शनिवारी तेल विकणारे' असं झालंय, ते आत्ताच दुरुस्त करतेय.