ब्रॉडकास्ट पोचत का नाही

एका दादांनी विचारलंय की व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रॉडकास्ट (एकच मेसेज एकदम अनेकांना) टाकूनही गिऱ्हाइकांचा एकही रिप्लाय का येत नाही. दादा, ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह नाही, त्याला तो मेसेज पोचतच नाही. आमचं सोलापुरात चाटी गल्लीजवळ चादरी-टॉवेलचं छोटं दुकान आहे. बिल करतानाच मी गिऱ्हाइकाला नंबर सेव्ह करायला लावतो, तोही 'सोलापूर चादर' म्हणून. दुकानाचं नाव कोण लक्षात ठेवतंय!

रील मीही केल्या. लाइक भरपूर, ऑर्डर एक नाही. धंदा दिला तो व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या कॅटलॉगनं, म्हणजे मालाचे फोटो नि माहिती दाखवणाऱ्या यादीनं. तिथंही सुरुवातीला आपटलोच. ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत मरून चादर चॉकलेटी दिसली, नि नाशिकहून पार्सल परत. जाण्या-येण्याचा कुरिअर खर्च आमच्याच गळ्यात. आता सकाळी नऊच्या आत गच्चीवर सावलीत फोटो काढतो (आपलं ऊन माहितीये ना, दहानंतर रंग फटफटीत येतात). चादरीचा एक कोपरा उलटा दुमडून ठेवतो, म्हणजे मागची बाजूही दिसते. खाली इंचात माप आणि वजन. वजन लिहायला लागल्यापासून "पातळ तर नाही ना?" विचारणारे फोन बंद झालेत.