मदत हवी आहे: स्ट्रॅट टाइप (फेंडर स्ट्रॅटोकास्टरसारख्या) इलेक्ट्रिक गिटारचा ट्रस रॉड (नेक म्हणजे दांडा सरळ ठेवणारी आतली सळई) फिरत नाहीये, तो आवळायचा नट नेकच्या खालच्या टोकाला आहे

नमस्कार मंडळी, गणपतीला पाच आठवडे राहिलेत आणि माझी गिटार वाजवण्यासारखी नाहीये म्हणून जरा घाईघाईत लिहितोय. मी रत्नागिरीजवळ राहतो, आमच्या वाडीच्या वाद्यवृंदात वाजवतो. गिटार सेकंडहँड आहे, स्ट्रॅटच्या जुन्या पद्धतीची, एकाच लाकडाची मेपलची नेक चार स्क्रूंनी बॉडीला बसवलेली, नेकच्या पाठीवर ती गडद लाकडाची लांब पट्टी पण आहे. आवाज इतका गोड आहे की ही सोडून दुसरी घ्यायचा विचारसुद्धा करवत नाही.

झालं असं की आधी ९ च्या (बारीक) तारा होत्या, मे महिन्यात एकाच्या सांगण्यावरून ११ चा (जाड) सेट लावला, आवाज भरीव येतो म्हणून. पंधरा दिवसांत तारा मधल्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) उंच वाटायला लागल्या, बार कॉर्ड (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबून) धरला की मनगट दुखायचं. मग मी सॅडल (पुलावर, म्हणजे ब्रिजवर, तारा टेकतात ते तुकडे) खाली केली, तर वरच्या फ्रेटवर, म्हणजे बारावीच्या पुढे, बझ (तार फ्रेटला लागून खरखर) सुरू झाला आणि मधे तारा तरी उंचच. म्हणजे सॅडलचा प्रश्न नाही, नेकच पुढे वाकलीय हे कळलं.

मोजायला इथे काही मिळेना, तर आमच्या गाडीच्या मेकॅनिककडून टॅपेट सेट करायचं फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्या) मागून आणलं. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), सहाव्या तारेला सतराव्या फ्रेटवर बोट, आणि आठव्या फ्रेटवर तारेखाली पाती सरकवून बघितली. ०.५० मिलिमीटरची आरामात गेली, ०.५५ ची घासत गेली. वाचलंय त्याप्रमाणे ०.२५ पाहिजे, म्हणजे दुपटीच्या वर आहे. अ‍ॅक्शन (तारेची फ्रेटपासूनची उंची) सतराव्या फ्रेटवर अडीच मिलिमीटरच्या आसपास.

आता अडचण. रॉडचा नट हेडस्टॉककडे (खुंट्यांच्या टोकाला) नाही, खाली नेकच्या टोकाला आहे, पिकगार्ड (बॉडीवरचं प्लास्टिकचं झाकण) काढलं तरी अर्धाच दिसतो. चार खाचांचा क्रॉस नट आहे. तिरपा स्क्रू ड्रायव्हर लावून फिरवून बघितला, हलला नाही, उलट ड्रायव्हर सटकला आणि एका खाचेची कड दबली. तिथेच थांबलो. आता प्रश्न असे की नेक पूर्ण काढायलाच लागेल का, नट जाम आहे की आधीच्या मालकाने शेवटपर्यंत आवळून ठेवलाय हे कसं ओळखायचं, आणि नेक काढून परत बसवली तर सूर बिघडतो का? रॉड तुटला तर नेकच गेली असं सगळे सांगतात, त्याने हात थरथरतोय. मुंबईला पाठवायला वेळ नाही. कोणी स्वतः केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद

दादा, थांबलात ते उत्तम केलंत. मी ठाण्यात मित्रांच्या गिटारी सेट करून देतो, या पद्धतीच्या बऱ्याच उघडल्यात, तर जमेल तेवढं लिहितो.

सगळ्यात आधी, ०.२५ हा आकडा सपाट फिंगरबोर्डचा. तुमची खरंच जुन्या पद्धतीची असेल तर बोर्डाची गोलाई सव्वासात इंच रेडियसची असणार, त्याला फेंडरच्याच तक्त्यात ०.३० मिलिमीटर रिलीफ (तुम्ही आठव्या फ्रेटवर मोजलेली फट) आहे आणि अ‍ॅक्शन सतराव्या फ्रेटवर जाड तारेला २ आणि बारीक तारेला १.६. त्यामुळे ०.२५ च्या मागे लागून नट जास्त आवळू नका. ९ च्या सेटचा एकूण ताण साधारण ३८ किलो असतो आणि ११ चा ५० च्या पुढे जातो, एवढा फरक पडला की नेक पुढे येणारच, यात लाकडाचा दोष नाही.

नेक पूर्ण काढाच. अर्ध्या दिसणाऱ्या नटावर तिरपा ड्रायव्हर लावूनच खाचा खराब होतात. पाठीवरची ती पट्टी म्हणजे रॉड आत घातल्यावर बुजवलेली वाट, एका लाकडाच्या नेकमधे रॉड पाठीकडूनच जातो.

तारा सैल सोडा, पहिल्या फ्रेटवर कॅपो तसाच राहू द्या म्हणजे मशीनहेडवरचे (खुंट्यांवरचे) वेढे सुटत नाहीत. मग चार स्क्रू थोडे थोडे आळीपाळीने काढा, एकच पूर्ण काढून बाकीच्यांवर भार टाकू नका. नट समोर आला की रुंद चपट्या पात्याचा ड्रायव्हर घ्या, खाचेत काठोकाठ बसणारा, अणकुचीदार स्टार वापरू नका. आणि पहिली हालचाल सोडायच्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या उलट, हे विसरू नका. सुटला तर जाम नाही. तुमचा रॉड एकाच बाजूला ओढणारा आहे, तेव्हा नट पूर्ण काढला तरी चालतो (दोन्हीकडे काम करणाऱ्या नव्या रॉडला असं करू नका). आटे जुन्या टूथब्रशने साफ करा, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब फक्त आट्यांवर. स्प्रे मारू नका, लाकूड तेल पितं. काढताना बघा की नटाच्या पुढे आटे शिल्लक होते का. शिल्लक नसतील तर रॉड संपलाय, मग पातळ वॉशर घालून परत लावायचा.

आणि रॉडकडून नेक वाकवून घेऊ नका. फ्रेट वर ठेवून नेकच्या पाठीला मधोमध कापड गुंडाळलेला ठोकळा द्या, घरच्या कोणाला तरी दोन्ही टोकं हळूच खाली दाबायला सांगा, आणि त्या स्थितीत नट हाताला लागेपर्यंत आवळा. मग पाव फेरा, त्याहून जास्त नाही. नेक हाताने सरळ झाली की रॉडने फक्त धरून ठेवायचं, असं केलं की तुटायची भीती बरीचशी जाते.

प्रतिसाद

एवढं करायची गरज नाही हो. पुलाकडचे दोन स्क्रू काढायचे, पुढचे दोन सैल करायचे, नेक थोडी उचलली की नट दिसतो. मी कायम असंच करतो, वेळ वाचतो.

प्रतिसाद

दिसतो हे खरंय, पण जुन्या गिटारीत पॉकेटच्या (नेक बसते त्या खाचेच्या) कडेचा रंग तिथेच तडकतो. शिवाय यांचा नट जाम आहे, साफ करायचाय, म्हणून यावेळी पूर्णच काढलेली बरी.

धागाकर्ता

काल रात्री उघडली. वडिलांनी टोकं दाबायला मदत केली. दोन गोष्टी विचारतो. पॉकेटमधे, पुलाकडच्या कडेला, लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचा घडी केलेला तुकडा निघाला, त्यावर गणपतीची अर्धी सोंड आणि "कृपेकरून" एवढं वाचता येतं. हा ठेवायचा का? आणि बॉडीच्या भोकांतून चारही स्क्रू हाताने ढकलले तरी जातात, आटेच पकडत नाहीत, भोकं मोठी झालीत का?

नट सोडताना आधी खूप जोर लागला, मग एकदम "कट्" आवाज आला आणि माझ्या पोटात गोळा आला, पण रॉड शाबूत आहे. आट्यांवर हिरवट थर होता, टूथब्रश काळा झाला. आटे तीनेक शिल्लक आहेत.

प्रतिसाद

तो "कट्" म्हणजे जाम सुटल्याचा, अगदी नेहमीचा. बॉडीच्या भोकांत स्क्रू सैलच जायला पाहिजे. आटे फक्त नेकच्या लाकडात पकडतात, तरच नेक पॉकेटमधे घट्ट ओढली जाते. बॉडीतही आटे पकडले तर मधे फट राहते. कागद तसाच, त्याच जागी ठेवा, कोणीतरी नेकला मागे कोन द्यायला घातलाय. तो काढला तर सॅडल पार तळाला न्यावी लागतील.

बसवताना स्क्रूला मेणबत्ती घासा. साबण नको, कोकणातल्या हवेत पाणी धरतो आणि स्क्रू गंजतो. नेकच्या भोकात आधी स्क्रू उलटा फिरवा, जुन्या आट्यात पडल्याचा बारीक "टक" जाणवेल, मगच आवळा. नाहीतर नवे आटे पडून भोक खरंच मोठं होतं.

धागाकर्ता

झालं एकदाचं! पूर्ण लिहितो, पुढे कोणाला उपयोग होईल.

खालच्या टोकाच्या नटाचं खरं कष्टाचं काम म्हणजे अंदाज. फिरवायचं तारा नसताना आणि मोजायचं तारा सुरात असताना, त्यामुळे प्रत्येक वेळी नेक काढा, फिरवा, बसवा, सूर लावा, मोजा. मी तीनदा काढली. पहिल्यांदा पाव फेऱ्यानंतर ०.४० आलं. रात्रभर तशीच ठेवली, सकाळी ०.३८. दुसऱ्यांदा साधारण एक अष्टमांश फेरा, ०.३२. तिसऱ्यांदा अगदी नखभर, आणि ०.३० ची पाती तारेला जेमतेम शिवून गेली, तार हलली नाही. तिथे हात काढून घेतला. नंतर अ‍ॅक्शन २ आणि १.६ लावली, ऑक्टेव्ह परत जुळवले, कारण सॅडल वरखाली झाल्यावर बाराव्या फ्रेटचा सूर थोडा चढला होता. नेक बसवल्याने आवाज बिघडला नाही, उलट सहावी, सगळ्यात जाड तार जास्त वेळ गुंजते, बहुतेक स्क्रू आधी सैल होते.

बार कॉर्ड आता अलगद लागतो. पाचव्या फ्रेटवर धरून बसलो होतो तर आई आतून म्हणाली, आज वेगळीच वाजतेय.

एकच राहिलंय. दुसऱ्या तारेवर पंधराव्या फ्रेटला पूर्ण स्वराचा बेंड घेतला (तार बाजूला ओढून स्वर चढवला) की वर पोचताना आवाज मरतो. नट अजून फिरवू का?

प्रतिसाद

नाही, रॉडला आता हात लावू नका. गोल बोर्डावर बेंड घेताना तार मधल्या उंचवट्यावर चढते आणि पुढच्या फ्रेटला टेकते, म्हणून आवाज मरतो. पहिल्या दोन तारांची सॅडल पाव-पाव फेरा वर घ्या, तेवढ्याने बहुतेक सुटेल.

धागाकर्ता

पाव फेऱ्याने बरंचसं गेलं, अर्ध्याने पूर्ण. खूप खूप आभार दादा. फिलर गेज अजून माझ्याकडेच आहे. पाऊस वाढलाय, कार्यक्रमाआधी परत एकदा मोजू का?

प्रतिसाद

मोजा, पण आदल्या दिवशी नको. चार दिवस आधी मोजा, फरक ०.०५ च्या आत असेल तर सोडून द्या. जास्त असला तरच उघडा, म्हणजे नेकला बसायला दोन रात्री मिळतील.