पणजीत मुक्काम असेल तर भाड्याची स्कूटर हवीच कशाला?

खाडीकाठ (धागाकर्ता)

गोव्याबद्दल कुणी काही विचारलं की पहिला सल्ला ठरलेला: "स्कूटर घ्या आणि फिरा." कळंगुट-बागाला उतरणार असाल तर ठीक. पण पणजीत दोन-तीन दिवस राहून शहर, जुनं गोवं आणि एखादा किनारा बघायचा असेल, तर स्कूटर म्हणजे पैसे देऊन घेतलेला ताप.

कदंबचा (गोव्याची सरकारी बससेवा) बसस्टँड पाट्टोला. तिथून खाडीवरचा पादचारी पूल ओलांडला की दहा मिनिटांत मळा-फोंतेन्हास ही जुनी वस्ती. तिथल्या गल्ल्या एवढ्या अरुंद की स्कूटर लावायची कुठे हाच प्रश्न. (आणि ती लोकांची राहती घरं आहेत. दारातल्या पायऱ्यांवर बसून फोटो काढणाऱ्यांना रहिवासी वैतागलेत ते उगाच नाही.) चर्च चौक, अठरा जून रस्ता, मासळी बाजार हे सगळं पायी होतं. मिरामार, दोना पावलाला कदंबच्या इलेक्ट्रिक बस आहेत. जुनं गोवं नऊ-दहा किलोमीटर, बसची फार वाट बघावी लागत नाही.

म्हापसा किंवा मडगावला जायचं तर कदंबची नॉन-स्टॉप धरा. तिकीट आधी खिडकीवर काढायचं, रांग लावायची, बस भरली की सुटते. मध्ये कुठेही थांबत नाही, त्यामुळे म्हापशाच्या वाटेवर पर्वरीला उतरायचं असेल तर खासगी बसच घ्यावी लागते. खासगीत कंडक्टर आत तिकीट देतो, तेव्हा सुटे जवळ ठेवा.

मांडवीपलीकडे बेतीला फेरीबोट जाते, पायी माणसाला फुकट. बेतीहून दोन-अडीच किलोमीटरवर रेईश मागुशचा किल्ला. डागडुजी करून 2012 मध्ये तो लोकांसाठी उघडला, आत व्यंगचित्रकार मारियो मिरांडांची चित्रं आहेत. नदीच्या मुखाचा नकाशा डोळ्यांसमोर हवा असेल तर आग्वादपेक्षा हा किल्ला बरा, आणि गर्दीही कमी.

काळी_पाटी

असहमत. तुमचं सगळं गणित सूर्य मावळेपर्यंतचं आहे. रात्री आठनंतर बस विरळ होतात. किनाऱ्यावर सूर्यास्त बघून जेवून परतायचं म्हटलं की टॅक्सी आली, आणि गोव्यात ओला-उबर चालत नाही. गोवामाइल्सची (ॲपवरची टॅक्सी) गाडी मिळाली तर नशीब, नाहीतर स्टँडवरची टॅक्सी सांगेल तो भाव. दिवसाला चार-पाचशे रुपयांची स्कूटर तिथे एका फेरीत वसूल होते.

ताप होतो तो चुकीची गाडी घेतल्याने. नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतील तरच घ्या. पांढऱ्या पाटीची म्हणजे कुणाची तरी खासगी. ती शंभर रुपयांनी स्वस्त पडते, पण पोलिसांनी अडवलं तर दंड होतो, आणि धडक झाली तर विमा कंपनी हात वर करते, कारण खासगी वापराची गाडी भाड्याने दिलेली असते.

ताब्यात घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढा. आरसे, पुढचा मडगार्ड आणि स्टँडजवळचा खालचा भाग आठवणीने घ्या, कारण जुन्या ओरखड्यांचे पैसे मागतात ते नेमके तिथलेच. मागचा ब्रेक दाबून, चाक हलतं का ते बघा. हेल्मेट दोन मागून घ्या, कारण देताना एकच देतात आणि कायदा मागे बसणाऱ्यालाही लागू आहे. दंड 1,000 रुपये. मूळ आधार कार्ड किंवा लायसन्स अनामत म्हणून ठेवू नका, रोख अनामत द्या. टाकी बहुधा तळाला गेलेली असते, म्हणून पहिलं काम पेट्रोल पंप. टाकी फुल करू नका, उरलेल्याचे पैसे कुणी परत देत नाही.

वळण_क्र_३

वरच्यात एक भर. मॅपमध्ये टू-व्हीलर हा पर्याय निवडा. नाहीतर तो मांडवीवरच्या उंच अटल सेतूवरून नेतो आणि तिथे दुचाकीला बंदी आहे. स्कूटरने खालच्या मांडवी पुलावरून जायचं. चुकीच्या रांगेत शिरलात तर चढणीवर मागे वळता येत नाही.

सावलीप्रेमी

दोघेही उन्हाबद्दल गप्प. स्कूटरवर वारा लागतो म्हणून भाजतंय ते कळत नाही. संध्याकाळी तळहाताची मागची बाजू, मांड्या आणि मानेचा पट्टा लालभडक. हाफ पँट घालून दुपारी कांदोळीपर्यंत जाऊन आलेला माणूस दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसू शकत नाही. पातळ पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घाला. सनस्क्रीन निघण्याआधी अर्धा तास लावा आणि दर दोन तासांनी पुन्हा, कारण घामाने ते वाहून जातं. मार्च ते मेमध्ये पारा तेहतिसाच्या आसपास दिसतो आणि लोक म्हणतात नागपूरपेक्षा बरं. दमटपणामुळे घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, आणि चक्कर येते ती त्यामुळे. नुसतं पाणी पिऊन भागत नाही, मीठही पोटात जाऊ द्या. सोलकढी, लिंबू सरबत, काहीही चालेल.

साडेबारा ते साडेतीन पणजीतली बरीच दुकानं तशीही बंद असतात. स्थानिक लोक त्या वेळी जेवून पडतात. बाहेरगावचा माणूसच तेवढा रस्त्यावर दिसतो.

भरती_ओहोटी

मूळ प्रश्नच चुकलाय. समुद्रात डुंबायचं असेल तर पणजीत राहायचंच कशाला? मिरामार फिरायला छान, पोहायला नाही. मांडवी तिथेच समुद्राला मिळते आणि ओहोटीला पाणी बाहेर ओढतं. कमरेएवढ्या पाण्यातही पाय सुटतात. मुलं बरोबर असतील तर कोलवा-बाणावलीला राहा, किनारा चालत गाठा, पणजी एका दिवसात उरका. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच पाण्यात उतरा. नुसता लाल दिसला तर उतरूच नका. ओढ लागलीच तर किनाऱ्याकडे झगडत येऊ नका, दमछाक होते. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा. आणि वाळूत बाटली उघडू नका, 2019 पासून त्याला दंड आहे.

खाडीकाठ

@काळी_पाटी, रात्रीचा मुद्दा मान्य. पण मग रात्रीपुरती टॅक्सी घ्या ना, त्यासाठी तीन दिवस स्कूटर उन्हात तापवत कशाला ठेवायची? सीटवर बसवत नाही दुपारी.
@भरती_ओहोटी, सगळ्यांना डुंबायचं नसतं हो. चर्च, जुनी घरं, नदी आणि शीतकढी (भात आणि माशाची आमटी) यांसाठी येणारेही आहेत. पालोळेला जायचं असेल तर मात्र पणजी सोडा, सत्तर किलोमीटर आहे.

दुपारची_पातळभाजी

आई-वडील सत्तरीचे असतील तर बस की स्कूटर हा वाद बाजूलाच ठेवा, अर्ध्या दिवसाची टॅक्सी ठरवा. जुन्या गोव्यात बॉम जीझस आणि से कॅथेड्रल समोरासमोर आहेत, मधला रस्ता ओलांडला की झालं. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा टाळा. पणजीतल्या चर्चच्या पायऱ्या मात्र त्यांना झेपणार नाहीत, ते चौकातूनच दाखवा.

काळी_पाटी

@खाडीकाठ, तीन दिवस ठेवा असं कुठे म्हटलंय? दिवसाच्या हिशेबाने मिळते. किनाऱ्याच्या दिवशी घ्या, दुसऱ्या दिवशी सकाळी परत करा.

रूळ_कोकणी

आधी स्टेशन बघा, मग वाहन. पणजीसाठी करमळी. मांडवी आणि कोकणकन्या तिथे थांबतात, वंदे भारत नाही थांबत, तिला थिवी किंवा मडगाव. करमळी जुन्या गोव्यालाच खेटून आहे, म्हणून सकाळच्या गाडीने आलात आणि सामान हलकं असेल तर चर्च बघूनच पणजीला जा. स्टेशनबाहेर टॅक्सीचे भाव परवडत नसतील तर एकट्याने 'पायलट' घ्यावा, म्हणजे पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल टॅक्सी. बसण्याआधी पैसे ठरवा, सॅक पुढे त्याच्याकडे द्या आणि जुन्या गोव्यातल्या गांधी चौकात उतरा. पणजीची बस तिथूनच मिळते.