टेन्युअर म्हणजे कार्यकाळ?

बोरूबहाद्दर: भाषांतरात अडलोय. अमेरिकेतल्या विद्यापीठात एका सहायक प्राध्यापिकेला सहाव्या वर्षी टेन्युअर (योग्य कारणाशिवाय काढता येत नाही अशी बेमुदत नेमणूक) नाकारली जाते. संपादकांनी केलंय : 'तिचा कार्यकाळ नाकारण्यात आला.' कानाला खटकतं. दुसरा शब्द?

घाटावरचा: खटकणारच. कार्यकाळ संपतो. आपल्या कुलगुरूंचा पाच वर्षांनी किंवा पासष्टी गाठली की, जे आधी होईल तेव्हा. टेन्युअरला मुदतच नसते. १९९४ पासून तिकडे अशा प्राध्यापकांना सक्तीची निवृत्तीही नाही. अर्थ पार उलटा झालाय. सरळ 'तिला कायम केलं नाही' लिहा.

तळटीप: 'कायम'ने घोटाळा होईल. आपल्याकडे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांत प्रोबेशन एक वर्षाचं. वाढवायचं तर वर्ष संपायच्या आत तसा आदेश काढून आणखी एक वर्ष. पूर्ण झालं की ४५ दिवसांत कायम केल्याचा आदेश द्यायचा. म्हणजे काही बिघडलं नाही तर माणूस कायम होतो. तिकडे कुणी ठामपणे 'हो' म्हटल्याशिवाय होत नाही, आणि 'नाही' आलं की जुन्याच पदावर राहताही येत नाही.

सहावं वर्षच का, तेही कळू द्या. तिकडच्या प्राध्यापकांच्या संघटनेच्या १९४०च्या निवेदनात उमेदवारीची, म्हणजे टेन्युअरआधीच्या परीक्षेच्या काळाची, कमाल मर्यादा सात वर्षं आणि काढायचं तर निदान वर्षभर आधी कळवायचं, असं आहे. सातातून एक वजा. म्हणून नकारानंतरचं सातवं वर्ष हे बहुतेक ठिकाणी दुसरीकडे अर्ज करण्याचं वर्ष.

उमेदवाराच्या कामाची फाइल साधारण आदल्या उन्हाळ्यात बाहेरच्या तज्ज्ञांकडे जाते. तिच्यात संशोधन, अध्यापन, विद्यार्थ्यांचे अभिप्राय आणि त्या तज्ज्ञांची पत्रं. पीएचडीचे मार्गदर्शक किंवा सहलेखक तज्ज्ञ म्हणून सहसा चालत नाहीत. मग विभागाचं मतदान, कॉलेजची समिती, डीन, प्रोव्होस्ट (विद्यापीठाचे शैक्षणिक प्रमुख), शेवटी विश्वस्त मंडळ. विभागात मतं फुटली की वरच्या प्रत्येक पायरीवर त्याचा खुलासा मागतात. मानव्यविद्यांत बहुतेकदा पुस्तकावर घोडं अडतं : प्रकाशकाशी करार झालाय एवढ्यावर अनेक ठिकाणी भागत नाही, अंतिम स्वीकृती लागते. समित्यांच्या कामाला मात्र कुणी फारसं विचारत नाही.

शुद्धलेखक: 'सेवाशाश्वती' घ्या. नेमका, संस्कृतनिष्ठ, समासही सोपा.

तळटीप: शाश्वती कसली? योग्य कारण असेल तर काढता येतं. संस्थेवर आर्थिक आणीबाणी आली, विभागच बंद झाला, तरीही. फक्त कारण दाखवून सुनावणी द्यावी लागते. ब्रिटनमध्ये तर १९८८च्या कायद्याने २० नोव्हेंबर १९८७ पासून नेमलेल्यांचं किंवा बढती मिळालेल्यांचं हे संरक्षण काढूनच घेतलं.

मोडीवाचक: टेन्युअरचा मूळ लॅटिन अर्थ 'धरून ठेवणं'. इंग्रजीत तो आधी जमिनीचा शब्द, आणि त्या बाबतीत मराठी गरीब नाही. मिरासदार आणि उपरी! मिरासदाराचा हक्क वंशपरंपरेचा, उपरी कसून निघून जाणारा. टेन्युअरवाले मिरासदार, तासिका तत्त्वावरचे उपरी. 'मिरासी नाकारली' म्हणा.

घाटावरचा: मिरास मुलाला मिळते हो. प्राध्यापकाची खुर्ची मुलाला मिळते का? (आपल्याकडच्या काही संस्था वगळून बोलतोय.)

मोडीवाचक: मग 'धारणाधिकार'. जमिनीला चालतो तसा नोकरीलाही चालेल.

शुद्धलेखक: तो सरकारी सेवेत आधीच गुंतलाय : रजेवर किंवा दुसऱ्या नेमणुकीवर गेलेल्याचा मूळ पदावरचा हक्क. तिथे अर्थाचा अपघात ठरलेला. आणि बोरूबहाद्दरांना एक सांगणं : 'टेन्युअर नाकारली' हे स्त्रीलिंग कुठून आलं? नपुंसकलिंग हवं.

घाटावरचा: 'नोकरी'वरून आलं असेल. 'टेन्युअर मिळाली' असंच ऐकू येतं.

शुद्धलेखक: ऐकू येतं म्हणून 'माझं मदत' चालेल का?

बोरूबहाद्दर: लिंग राहू द्या. 'टेन्युअर-ट्रॅक'लाही (पुढे टेन्युअर मिळू शकेल अशा नेमणुकीलाही) शब्द हवाय. तळटीप यांनी वर 'उमेदवारी' वापरलाय, तो घेऊ?

मोडीवाचक: जुना आणि अचूक. कारखान्यात, वकिलाकडे उमेदवारीच करत.

घाटावरचा: हल्ली 'प्राध्यापिकेची उमेदवारी' वाचलं की लोक विचारतील, कुठल्या पक्षाकडून?